मकान नंबर तीनशे बारा

बालाघाटच्या बसस्टँडमागे शालिकरामजींचं इंटरनेटचं ऑफिस आहे. तिथे पौर्णिमा तीन वर्षं फोन उचलत होती. "नेट चालून नाही राह्यलं" हे तिने इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही तिने "राऊटर बंद करून चालू करा" असंच सांगितलं असतं. पण बाईचा डोळा होता आतल्या खोलीतल्या, सर्व्हरसमोरच्या खुर्चीवर. तिथला माणूस मलाजखंडला नोकरीवर गेल्यापासून ती रिकामीच होती. डबा खाता खाता पौर्णिमा मोबाईलवर पायथन शिकते, हे साऱ्या ऑफिसला ठाऊक होतं आणि साऱ्या ऑफिसला त्याचं हसू यायचं.

राजेगावची लाइन सुरू व्हायच्या दिवशी शालिकरामजी तिला म्हणाले, "एकशे चाळीस घरांची यादी हाय. चार वाजेपर्यंत तुह्या प्रोग्रामनं चढव. एकही घर सुटलं नाही पाहिजे. जमलं तं ते खुर्ची तुही."

प्रत्येक घराला नेटवरचा एक पत्ता असतो: चार आकडे आणि मध्ये तीन टिंबं. लाइनमन तेजरामने घरोघर हिंडून सगळे पत्ते ठरवले नि वहीत लिहून आणले होते. एक जरी चुकला, तरी सर्व्हर अख्खी यादी परत फेकतो. म्हणून पौर्णिमाने आधीच पायथनमध्ये पत्ते तपासायचा साचा लिहून ठेवला होता. त्यालाच रेगेक्स म्हणतात. तीनपर्यंत अंक, टिंब, पुन्हा तीनपर्यंत अंक, असं चार वेळा. साच्यात बसला तो पत्ता खरा. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस पत्ते पास झाले. पौर्णिमाने मोठ्या ऐटीत बटण दाबलं आणि सर्व्हरने यादी तिच्या तोंडावर फेकली.

तेव्हा सव्वादोन वाजले होते. तिने एकेक ओळ बोट ठेवून वाचली. शेवटून तिसरी ओळ दुर्गाबाईंची: १०.२०.४.३१२. नेटच्या पत्त्यात कुठलाच आकडा दोनशे पंचावन्नच्या पुढे जात नाही. तिने फोन लावला.

"तेजरामभाऊ, हे तीनशे बारा कुठून आणलं?"

"मकान नंबर हाय तो, बाई. भिंतीवर गेरूनं लिहिला हाय, मी सोता पाहून आलतो. सारेच पत्ते तसे देल्ले. लाइन बिघडली तं सरळ त्या घरी जाता येते. काहून, चुकलं का?"

तिला हसू फुटलं. बाकीची घरं सडकेकडची, लहान नंबरांची. नाल्यापलीकडच्या दुर्गाबाईच तेवढ्या तीनशेच्या पुढे राहत होत्या. त्यांची ओळ हाताने बदलली असती तर काम झालं असतं. पण चूक आपल्या साच्याने पकडली नाही, हे पौर्णिमाला झोंबलं. तिने साचा पुन्हा लिहिला: दोनशेच्या आतलं काहीही, नाहीतर दोनशे ते दोनशे एकोणपन्नास, नाहीतर दोनशे पन्नास ते पंचावन्न.

चालवला. तीनशे बारा पुन्हा पास.

आता मात्र तिचा धीर सुटला. पाणी प्यायली, परत बसली. मग तिच्या ध्यानात आलं. साच्याने तीनशे बारातले पहिले दोन अंक, म्हणजे एकतीस, तेवढे उचलले होते, शेवटचा दोन मागे टाकला होता आणि खुशाल पास म्हणून मोकळा झाला होता. पत्ता कुठे सुरू होतो नि कुठे संपतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तिने साच्याच्या दोन्ही टोकांना खुणा घातल्या. एकशे एकोणचाळीस पास, एक नापास. कुणाच्या नापास होण्याचा इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता.

दुर्गाबाईंना तिने एक मोकळा पत्ता दिला आणि तेजरामसाठी मकान नंबराचा वेगळा रकाना काढला. चार वाजायला दहा मिनिटं असताना यादी चढली.

"चूक कोणाची होती?" शालिकरामजींनी विचारलं.

"माह्या साच्याची जी. भाऊचा नंबर बरोबर होता, फक्त रकाना दुसरा पाहिजे होता."

शालिकरामजींनी स्वतः खुर्ची ओढून पुढे केली.

आता त्या खुर्चीत बसून ती कुठलीही नवी यादी तपासायला घेते, तेव्हा साचा चूक पकडतो का ते पाहायला सगळ्यात आधी मुद्दाम दुर्गाबाईंचा तो जुना पत्ता घालते. तेजराम दारातूनच विचारतो, "माहा तीनशे बारा आज पास झाला का, बाई?"

"नाही भाऊ. नापास."

"मंग चढव यादी," म्हणत तो शिडी उचलतो आणि लांजीच्या वाटेला लागतो.