आईचं ‘आणि’

लेकीच्या इंग्रजीच्या पुस्तकात आज कंजंक्शनचा धडा होता. अँड, बट, ऑर. “आई, हे शब्द वाक्यं जोडतात,” पेन्सिल चावत ती म्हणाली आणि मला माझी आई आठवली.

दर रविवारी तिचा गावाहून फोन यायचा. गुडघे, नळाचं पाणी, शेजारणीची सून. सांगण्यासारखं सगळं पाच मिनिटांत संपायचं. मग ती विचारायची, “आणि?”

“आणि काही नाही गं.”

ती पुन्हा विचारायची, “आणि? भाजी काय केलीस?”

मला वैताग यायचा. “चल, ठेवते,” म्हणून मी फोन ठेवायचे. सुट्टी संपवून मी परत निघाले, की एसटीच्या खिडकीची दांडी धरून ती चार पावलं गाडीबरोबर चालायची. फोनवर धरायला तिच्याकडे तेवढा एक शब्द होता. हे मला कळलं तेव्हा रविवारचे फोन बंद होऊन वर्ष उलटलं होतं.

लेक वही मिटून खेळायला पळाली.

आज रविवार. मेथी केलीय, आई. आणि?