झेंडी हलली, पण कोणी हललं नाही

शर्यत संपली होती, आणि लांजेवार सर माईकवरून सांगत होते की ती आता सुरू होणार आहे.

मी फिनिशजवळ पोरींना पाणी देत होते. आधी वाटलं, आपलेच कान वाजले. मग मैदानाच्या फाटकातून गाड्यांची रांग आत शिरली आणि उलगडा झाला. भाऊ आले होते.

भाऊ म्हणजे आमचे प्रमुख पाहुणे. सकाळपासून ते ‘निघालेच’ होते. आमच्याच भागातल्या प्रतापगडावरून निघाले, केशोरीत चहाला थांबले, असे फोन येतच होते. ऊन चढायला लागलं, तशी मी शंभर मीटरची फायनल उरकून घेतली होती.

मी शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. अर्जुनी मोरगावला बौद्धिक दिव्यांग खेळाडूंच्या जिल्हा स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून गेले होते. काम स्टार्टरचं, म्हणजे शर्यत सोडायचं. पिस्तुलाच्या आवाजाला काही खेळाडू घाबरतात, म्हणून आम्ही क्लॅपर वापरतो. बिजागरीनं जोडलेल्या दोन फळ्या, आपटल्या की ठाप्‌कन आवाज येतो. बस.

लोकांना वाटतं, इथं सगळ्यांना मेडल वाटून टाकतात आणि टाळ्या वाजवून घरी जातात. तसं नाही हो! आधी हीट्स होतात. सगळ्यांना पळवून वेळ नोंदवतात आणि सारख्या वेगाच्या खेळाडूंचा एक गट करतात. त्यामुळे फायनल चांगलीच चुरशीची होते. त्या दिवशी शेवंता पहिली आली आणि रजनी थोडक्यात दुसरी. पहिली येईल तीच नागपूरला विभागीय स्पर्धेला जाणार होती.

शेवंता केशोरीकडची, पंचविशीतली. घरचे लग्नाला, बाजाराला, देवाला जायचे आणि हिला घर राखायला ठेवायचे. नागपूर तिनं फक्त एसटीच्या पाटीवर पाहिलेलं. आईसोबत बसमधून येताना तिनं कंडक्टरलाही सांगून टाकलं होतं, मी नागपूरले जाऊन राहिली म्हणून.

लांजेवार सर धावत माझ्याकडे आले. ते संयोजक. दिवसभरात त्यांना धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

“मॅडम, हंड्रेड मीटर परत घ्या.”

“निकाल लागला सर.”

“भाऊ झेंडी दाखवणार आहेत. फोटो पाहिजे. जी पुढे येईल तिला गोल्ड देऊन टाकू, विषय खतम.”

“आणि नागपूर?”

“फोटोतली जाईल. पेपरात एक न्‌ नागपूरला दुसरी, बरं दिसते का? अहो, यांना काय समजते!”

माझं टाळकंच सरकलं. शेवंता शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती.

“मी जितली ना जी?” तिनं सरांना विचारलं. “मंग आता काऊन धावू?”

“धाव बेटा, मेडल भेटेल.”

“ते त माझंच हाय,” ती म्हणाली, आणि सरळ जाऊन बक्षिसाच्या पायऱ्यांवर चढली. सगळ्यात वरच्या.

तिची आई पदर सावरत तिच्या मागं धावली. “बाई, साहेब सांगून राहिले ना, धाव.” शेवंता ढिम्म. आई माझ्याकडे वळली, डोळे भरलेले. “नागपूर गेलं का जी तिचं?”

सरांनी बाकीच्या पोरी रेषेवर उभ्या केल्या. मी क्लॅपर काखोटीला मारला आणि सरांना सांगितलं, “खोटी शर्यत मी सोडत नसते.”

“नका सोडू. भाऊ समर्थ आहेत.”

भाऊंनी हिरवी झेंडी खाली आणली. कॅमेरे तयार होते. एकही पोरगी हलली नाही.

हलणार कशी? वर्षभर त्यांच्याकडून एकच घोटून घेतलेलं, फळ्यांचा आवाज झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. झेंडी ही वस्तू त्यांच्या अभ्यासात नव्हतीच. भाऊंनी झेंडी अजून जोरात हलवली. कार्यकर्ते “भागो, भागो!” करत स्वतःच पळत सुटले, त्यांच्यामागं फोटोग्राफरही. काही वेळ मैदानात फक्त तेच धावत होते. पोरी वाकून, मान वळवून माझ्याकडे पाहत होत्या.

“वाजवा ना मॅडम!” लांजेवार सर घामाघूम झाले होते.

“वाजवते. आधी माईकवर सांगा, ही फक्त पाहुण्यांसाठीची शर्यत. निकाल मघाचाच.”

सरांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ झेंडी धरून कोणाशी तरी फोनवर बोलत होते. ती संधी साधून सरांनी घाईघाईत सांगून टाकलं. पोरींनी नीट ऐकलं. मी फळ्या आपटल्या. या वेळी रजनी पहिली आली.

भाऊ गोल्ड मेडल घेऊन पायऱ्यांजवळ गेले. वर शेवंता होतीच. रजनी धापा टाकत आली आणि दुसऱ्या नंबरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. भाऊ चक्रावले.

“अरे, आत्ता तर ही पहिली आली ना?”

लांजेवार सरांनी तोंड उघडलं, पण रजनीच बोलली. “मी त तुमच्यासाठी धावली जी. पहिली शेवंता हाय.”

भाऊ शेवटी राजकारणातला माणूस. खो खो हसले आणि मेडल शेवंताच्या गळ्यात घातलं. तिची आई सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. मला इतकं बरं वाटलं की मी लांजेवार सरांशीही हात मिळवला.

शेवंताचं नाव नागपूरला गेलं. ते जाईपर्यंत मी सरांच्या समोरून उठले नाही. तिथं ती चौथी आली. काय झालं गं, असं विचारलं तर म्हणाली, “त्या पोरी जोरात धावल्या जी.” बहाणा नाही, तक्रार नाही.

या प्रकारातून मी एकच शिकले. खेळाडूंचा सराव आपण वर्षभर घेतो, पाहुण्यांचा कधीच घेत नाही. यंदा बैठकीत मी तसं सुचवलंही. लांजेवार सरांनी गंभीरपणे विचार केला.

“कल्पना चांगली आहे मॅडम,” ते म्हणाले. “पण सरावाला तरी वेळेवर येतील का ते?”