ओके, को.आ.

मोशीच्या कोंडीबाला इंग्रजीतली दोनच अक्षरं येत होती, आणि तेवढ्यावर त्यानं आमच्या अख्ख्या शॉपला नाचवलं. ओ आणि के. पिंपरीतल्या आमच्या कंपनीत तो तपासणीच्या टेबलावर होता. लेथवरून कातलेला जॉब उतरला की तो माप बघायला गेज लावणार, एक डोळा बारीक करणार आणि पिवळ्या खडूनं वर ओके लिहून खाली को.आ. टाकणार. कोंडीराम आनंदा. त्याचा ओ भाकरीएवढा, आणि के शेजारी एक तंगडी लांब करून बसलेला.

बरं, कंपनीत लिहितोस ना, मग तिथंच ठेव की खडू! पण नाही. खडू खिशातून घरी जायचा. बायकोच्या, म्हणजे गिरजावहिनीच्या, लोणच्याच्या बरणीवर ओके. पत्र्याची गळती काढली, पत्र्यावर ओके. मारुतीच्या देवळाला रंग दिला तर कोपऱ्यात हळूच ओके, को.आ. पुजारी तणतणत आला, देवावर सही करतोस म्हणाला. कोंडीबा शांतपणे म्हणाला, देवाला कोण विचारतंय, मी रंग तपासलाय.

मेहुण्याला त्याची पोस्टकार्डं जायची ती तर मी स्वतः वाचलीत. पत्र मिळाले. बैल ओके. विहीर ओके. गिरजा ओके. आपण ओके असावे. मेहुणाही कमी नाही, त्याचं उलट कार्ड यायचं, म्हैस व्याली, ओके. होता होता गावाला ते खूळच लागलं. दवाखान्याच्या चिठ्ठीमागं ताप गेला ओके, ग्रामपंचायतीच्या अर्जाखाली कळावे ओके. शाळेतले मास्तर पोरांच्या पाटीवर छान लिहायचे, तेही ओके लिहायला लागले. शुद्ध मराठीचा कळवळा असलेला एक जण गावात होता, त्यानं याविरुद्ध अर्ज केला. त्या अर्जावर सरपंचानं काय लिहिलं असेल ते सांगायला नको.

पण एक गोष्ट मानली पाहिजे. हा माणूस फुकट ओके लिहीत नव्हता. महिनाअखेरीला साहेब येऊन मागं उभा राहायचा, गाडी भरायची आहे, टाक ओके, म्हणायचा. कोंडीबा मान वर करायचा नाही. आधी गेज आत जाऊ द्या, मग खडू जाईल, एवढंच. आणि एकदा लिहिलेलं ओके त्यानं बारा वर्षांत परत घेतलं नव्हतं. तो त्याचा माज होता, आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांना त्या माजाचा अभिमान होता.

माझी तर त्यानं एकदा चारचौघांत काढली. आमच्याकडं नियम असा, की पहिला जॉब मशीनवाल्यानं स्वतः तपासायचा, जॉबच्या कार्डावर सही करायची, मग तो टेबलावर न्यायचा. मी घाईत सहीशिवाय नेला. जॉब उत्तम होता. तरी ह्या बाबानं कार्ड माझ्या अंगावर टाकलं.

"ज्याला दिवसभर मशीनवर उभं ऱ्हायचंय, त्याची सही आधी. माझी मागनं."

हे वाक्य त्यानं घरी जेवताना शंभर वेळा तरी सांगितलं असेल. माझ्या फजितीसकट. तेच त्याला भोवलं.

सत्त्याहत्तर साल. त्याची थोरली सुभद्रा पुण्याला डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होती, रोज बसनं जायची. निघोज्याच्या यशवंतरावांच्या मुलाचं स्थळ आलं. कोंडीबा तपासायला गेला. अहो, अक्षरशः तपासायला! गोठा पाहिला, मोटार चालू करून पाण्याची धार पाहिली, मुलाला चालवून पाहिलं, त्याचे दात पाहिले. घरी आला आणि यशवंतरावांना कार्ड टाकलं. स्थळ ओके. लग्न माघात धरा. को.आ.

पुढच्या गुरुवारी आम्हाला सुट्टी होती. पाहुण्यांची यादी करायला मी मोशीला गेलो. यादी रंगात आली होती तोवर सुभद्रा आतून आली. तिच्या हातात त्याचाच खडू होता. तिची परीक्षा एप्रिलात होती. लग्न माघात धरलंय, आणि सुनेनं मास्तरीण व्हायचं नाही ही यशवंतरावांची अट, हे सगळं तिला शेजारणीकडून कळलं होतं. बापानं अट घरात सांगितलीच नव्हती. किरकोळ वाटली म्हणे त्याला.

तिनं खडू त्याच्यापुढं ठेवला. "आबा, मशीनवर उभं मला ऱ्हायचंय. माझी सही कुठं हाय?"

गिरजावहिनी चुलीपुढून उठून दारात आल्या. मी यादीत डोकं घातलं. मला हसू यायला पाहिजे होतं, माझा जुना हिशेब होता, पण त्याचं तोंड बघून हसवेना.  तो उठला, सदरा घातला, आणि मला म्हणाला, सायकल काढ.

आम्ही निघोज्याला पोचलो. यशवंतरावांनी ते कार्ड हळद-कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलं होतं. कोंडीबानं कार्ड परत मागितलं तसा त्यांचा पारा चढला. त्यांना गावात तोंड दाखवायचं होतं. पोरीनंच नकार दिला, असं त्याच कार्डावर लिहून दे, म्हणाले, म्हणजे आमच्या पोरात खोट नाही हे लोकांना कळेल.  तसं लिहून दिलं असतं तर तो कागद चाकणपासून आळंदीपर्यंत फिरला असता, आणि त्या पोरीच्या दारात पुन्हा कुणी उभं राहिलं नसतं.

आमच्याकडं खोडायचा नियम आहे. पुसायचं नाही, आडवी रेघ मारायची, कारण लिहायचं, सही करायची. कोंडीबानं खिशातली खोडायची लाल पेन्सिल काढली. बारा वर्षं ती टोकसुद्धा न झिजता खिशात पडून होती. ओकेवर रेघ मारली. खाली लिहिलं, मुलगा ओके. मुलगी ओके. तपासणाऱ्याची चूक. को.आ.

यशवंतरावांनी ते दोनदा वाचलं. भांडायला काही उरलंच नव्हतं. त्यांनी गिरजावहिनींच्या तब्येतीची चौकशी केली आणि आत चहा सांगितला.

नाकारलेला जॉब ज्याचा त्यानं घेऊन जायचा, म्हणून कार्ड कोंडीबानं परत आणलं आणि सुभद्राच्या हातात दिलं. तिनं वाचलं. पदर तोंडाला लावून ती खांबाला टेकली, आणि कोंडीबा उगाच पत्र्याकडं बघत राहिला. मग त्यानं लाल पेन्सिल तिच्यापुढं धरली. त्याच्या सहीच्या वर थोडी जागा होती. तिथं तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं.