कल्याणरामच्या दोनशे साड्या

कल्याणरामला कामचुकार म्हणायची कुंभकोणमात कुणाची छाती झाली नसती. पण त्याची सगळी हुशारी काम वाचवण्यातच खर्ची पडली, हेही तितकंच खरं. स्वामीनाथ इंजिनियरांकडे तो पंधरा वर्षं रंग-कुंचल्यानं चित्रं काढायचा. घर बांधायच्या आधी ते आतून कसं दिसेल, हे गिऱ्हाइकाला दाखवायला. पंच्याण्णव साली तिथं कॉम्प्युटर आला आणि त्रेचाळिसाव्या वर्षी कल्याणराम माउस धरायला शिकला.

त्या यंत्रात भिंती उभ्या करायच्या, दिवे लावायचे, मग चित्र तयार व्हायची वाट बघायची. एका दिवाणखान्याला अठरा तास. मधेच वीज गेली की सगळं पाण्यात! दोनदा असं झाल्यावर त्यानं डोकं चालवलं. आधी सगळं राखाडी ठेवून फक्त उजेड जमवायचा. तळहाताएवढं चित्र काढून चुका शोधायच्या. कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते उडवून टाकायचं. मोठं चित्र पट्ट्यापट्ट्यानं काढायचं, म्हणजे वीज गेली तरी एकच पट्टा जातो. आणि वस्तू एकदाच घडवायची, बाकी सगळ्या तिच्या नकला. अठरा तासांचं काम चारांवर आलं. पठ्ठ्या भलताच खूश होता.

त्यात तिरुभुवनमच्या रेशीम विणकरांच्या एका संघाला नवं दुकान बांधायचं होतं. स्वामीनाथांनी स्पष्टच सांगितलं, "हे काम मिळालं तर यंत्रही राहील, तूही राहशील. नाहीतर मला दोघंही परवडत नाहीत."

घरी विजयलक्ष्मीला त्यानं हे सांगितलं. ती म्हणाली, "मग देवाला सांगून ठेवा, वीज जाऊं देऊं नको म्हणून." विजेनं खरोखरच साथ दिली. चित्र झकास आलं. चकचकीत फरशी, लाकडी फळ्या, फळ्यांवर दोनशे साड्या.

संघाच्या खोलीत सात-आठ विणकर चित्राभोवती जमले. मग सुंदरेश नावाच्या म्हाताऱ्या विणकरानं चष्मा पुसून विचारलं, "यात माझी साडी कुठली?"

कल्याणरामनं घडवलेली साडी एकच होती. तोच अरक्की, लाखेसारखा गडद तांबडा रंग, तेच काठ, दोनशे वेळा.

"ही नमुन्याला आहे, अय्या," तो म्हणाला.

"आमच्यात दोन साड्या सारख्या निघत नाहीत," अध्यक्ष म्हणाले. "सारख्या निघतात त्या यंत्रमागावर. तो आमच्या पोटावर आलाय, आणि तुम्ही त्याचंच दुकान काढून आणलंत."

"वेगवेगळ्या करून आणाल का?" सुंदरेशनं विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि तेच कल्याणरामला जास्त लागलं. त्यानं ते करून पाहिलं होतं. बारा निराळ्या साड्या झाल्या की यंत्र गचके खायचं, पंधराव्याला बंद पडायचं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "नाही जमणार," तो म्हणाला. काम गेलं.

स्वामीनाथ रागावले नाहीत. त्यांनी त्रिचीच्या एका ऑफिसला यंत्र विकलं आणि कल्याणरामला बोलावून म्हणाले, "तुझी ती चार तासांची पद्धत लिहून दे. त्यांना लागेल."

"काय म्हणाले ते? ठेवलें का तुम्हांस?" विजयलक्ष्मीनं दारातच विचारलं.

"लिहायचं काम दिलंय," तो म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना.

रोज सकाळी तो वेळेवर ऑफिसात जाऊन कोऱ्या कागदांसमोर बसे. मजकूर सगळा पाठ होता, एका दुपारीसुद्धा उरकला असता. पण एकेक ओळ लिहून तो थांबे, जुनी ओळ खोडून पुन्हा तीच लिही. चार पानांना त्यानं दहा दिवस लावले, कारण ती संपल्यावर त्याला कुणी काही विचारणार नव्हतं.