तिन्ही कंदील नादुरुस्त

कंदील-अण्णा भर दुपारी हातात पेटता कंदील घेऊन फिरत. सांगलीच्या उन्हात कंदील मिरवणारा हा माणूस पहिल्या दिवशी मला वेडाच वाटला. मी साताऱ्याहून आलेला नवा कारकून. पेव कधी पाहिले नव्हते. पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. तोंड उघडले तरी आत कोंडलेली वाईट हवा जायला वेळ लागतो. अण्णा दोरीने कंदील आत सोडत. तो विझला तर कोणी उतरायचे नाही. "त्यो जळतोय तवर आपुन," एवढेच त्यांचे शास्त्र. त्यांच्या हयातीत त्या पेवांत माणूस दगावला नव्हता.

लढाईच्या दिवसांत पेढीवर नवे मॅनेजर आले. पूर्वी कुठल्याशा संस्थानात चवऱ्या-अबदागिऱ्यांचे खाते सांभाळत होते म्हणे. त्यांनी वखारीत मुजरा सुरू केला. पाठीवर पोते घेऊन मुजरा करताना दोन हमाल आडवे झाले. तेव्हा पोते उतरवून, मुजरा करून, मग पुन्हा उचलावे असा नियम निघाला. साहेब विनोद करीत आणि आम्ही सगळे हसत असू. अण्णा तेवढे हसत नसत.

"का हो अण्णा?" साहेबांनी एकदा विचारले.

"मला जरा कमी ऐकू येतंय, साहेब."

फाटकाची कडी वाजली की मात्र मागच्या अंगणातून उघडायला पहिले अण्णाच जात.

एकदा मुंबईचे बडे व्यापारी आले. साहेबांच्या हुकमाने पेव त्यांच्या देखत उघडले. अण्णांनी आपला कंदील सोडला. विझला.

"कंदील खराब आहे," साहेब म्हणाले.

"व्हय साहेब, लय जुना हाय," मुकादम म्हणाला.

दुसरा आणला. विझला. तिसरा कचेरीतला, नवाकोरा. तोही विझला.

"तिन्ही खराब! कारकून, नोंद करा. अण्णा, उतरा."

मी नोंद केली. अण्णांनी वाकून माझी वही पाहिली. त्यांना वाचता येत नव्हते, तरी बराच वेळ पाहिली. मग साहेबांकडे वळून शांतपणे म्हणाले, "आदी तुमी उतरा, साहेब. मी वरनं मुजरा करतो."

व्यापारी दोन पावले मागे सरले. माल उद्या पाहू म्हणाले. अण्णांनी दोरी गुंडाळली, आपला कंदील उचलला. जाताना माझ्यापाशी थांबले. "पेवातली हवा उद्यापत्तुर निवळंल, कारकून. हितली न्हाई."

दुसऱ्या दिवशी उरलेले दोन कंदील दुरुस्तीहून आले आणि पेवात झकास जळले. दुरुस्ती साहेबांच्या देखरेखीखाली झाली, अशी नोंद करायला मला सांगण्यात आले. ती केली आणि त्याच पानावर खाली राजीनामा लिहिला.

त्यानंतर मी बऱ्याच कचेऱ्या पाहिल्या. नव्या ठिकाणी साहेबांचा पहिला विनोद झाला की मी हसणारे मोजत बसत नाही. एखादा तरी बहिरा आहे का, एवढेच पाहतो. असला तर राहतो.