शपथेवरचं नाव

लग्नानंतर तीनच महिन्यांनी हे आफ्रिकेला परत गेले. तिथल्या रेल्वेत नोकरी होती आणि रजा संपली होती. मी सासरी, अंबरनाथला, स्टेशनच्या पश्चिमेला. सासूबाई स्वभावानं चांगल्या होत्या, पण सासूबाईंच्या चांगुलपणावर कुणाचा संसार होतो का? संध्याकाळी काडेपेटीच्या कारखान्याचा भोंगा झाला की आळीतले पुरुष घरी यायचे, घरोघर चहाचं आधण चढायचं, आणि मी मेली निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसायची. मला यांची इतकी आठवण यायची की माझी मलाच लाज वाटायची.

बायकोला कायमचं राहायला आणायचंय, परवाना मिळावा, असा अर्ज यांनी तिकडे केला होता. त्यात स्वभाव उतावळा! परवाना हातात यायच्या आधीच मे महिन्यातल्या बोटीवर माझी जागा धरून मोकळे झाले. पावसाळ्यात मला समुद्रावर पाठवायला सासरे तयार नव्हते, म्हणजे ही बोट चुकली की गेलं सगळं दिवाळीवर. मी ट्रंक भरली. मेतकूट, सांडगे, पुरणयंत्र, सगळं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिथे माणसं जेवत नाहीत का?" मी म्हटलं, "जेवत असतील, पण पुरण वाटतात का?"

आणि तिकडून यांचं पत्र आलं की परवाना अडलाय. अर्जात बायकोचं नाव एक, पासपोर्टावर दुसरंच.

आता आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात, हे तिकडच्या परवान्याच्या साहेबाला कोण सांगणार! ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, झालं. यांनी अर्जात तेच घातलं. पासपोर्ट मात्र शाळेच्या दाखल्यावरून काढलेला, त्यावर माहेरचं नाव आणि पुढे बाबांचं. अर्जात बायको म्हणून गेलेली मी एक आणि बोटीत बसणारी मी दुसरी.

सासरे मला उल्हासनगरला, कॅम्पातल्या एका सिंधी टायपिस्टकडे घेऊन गेले. फाळणीत सिंधमध्ये मागे राहिलेल्या घरादारांचे अर्ज टाइप करून करून त्याला सरकारी कागदांची नस सापडली होती. त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, "बेटी, कागज के हिसाब से तुम दो औरतें हो."

माझं डोकंच फिरलं. "दोन कुठल्या? इथे एकीलाच नवरा मिळेना झालाय!"

सासरे खोकले. टायपिस्ट मात्र मनापासून हसला आणि त्यानं उपाय सांगितला. मुलीच्या बापानं कल्याणच्या कोर्टात शपथेवर लिहून द्यायचं, की ही माझीच मुलगी आणि आता तिचं नाव हे. त्यानं लगेच मजकूर टाइपही करून दिला.

तो कागद घेऊन मी बदलापूरला माहेरी गेले. माहेर म्हणजे एकटे बाबा. आई मी लहान असतानाच गेली. भाताची थोडी शेती, एक म्हैस आणि मी, एवढाच त्यांचा पसारा, आणि त्यातली मीही लग्न करून गेलेली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, म्हणून कागदाचा अर्थ सासऱ्यांनी मला सांगितला होता तसा मी त्यांना सांगितला. शेवटच्या ओळीशी त्यांनी हात वर केला.

"पुन्हा सांग."

"आता हिला जुन्या नावानं कुणीही ओळखत नाही की हाक मारत नाही."

"हे खोटं आहे," बाबा म्हणाले. "मी मारतो की."

"अहो बाबा, कागदापुरतं आहे ते!"

"शपथ कागदापुरती नसते, बाळ."

मी रडले, चिडले, जेवले नाही. ते काही वाकले नाहीत. आमच्या बाबांनी शेजाऱ्याच्या बांधाच्या भांडणात सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष दिलेली. ते माझ्यासाठी काय वाकणार! "बाप वगळून" असं घालता येईल का, असं त्यांनी विचारून पाहायला लावलं. टायपिस्टनं कपाळाला हात लावला. तसं लिहिलं तर साहेब नवी शंका काढेल आणि बोट जाईल, म्हणाला.

हे ऐकून बाबा बराच वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, "मला पुढच्या सोमवारपर्यंत वेळ दे. मी सोडतो ते नाव. मग खरं होईल."

तो आठवडा मी तिथेच होते. पहिले दोन दिवस त्यांनी मला हाकच मारली नाही. "अगं, जरा इकडे ये", "पाणी दे गं", एवढंच. कधी जुनं नाव ओठांपर्यंत यायचं, की ते तसेच ओटीवर निघून जायचे. तिसऱ्या दिवशी सासरचं नाव घेऊन बघितलं, परक्याच्या सुनेला बोलवावं तसं, अदबीनं. मी "ओ" दिली आणि चुलीपुढे जाऊन बसले.

रविवारी आम्ही जेवायला बसलो. मी वाढत होते. दुसऱ्या दिवशी कल्याण, मग परवाना, मग बोट, मग हे. ज्याच्यासाठी इतके महिने झुरले ते अगदी हाताशी आलेलं. आणि मला त्यातलं काही म्हणजे काही नको होतं. बाबांनी एकदा, फक्त एकदा मला माझ्या नावानं हाक मारावी, एवढंच हवं होतं. तोंडातून निघणारच होतं.

मी मागितली असती, तर त्यांनी मारली असती. आणि मग सकाळी सही केली नसती.

मी त्यांना आणखी भात वाढला.