कार्डावर धाकटे

काकासाहेबांचा जन्म पोलीस ॲक्शनच्या साली झाला, हे खुलताबादजवळच्या त्यांच्या अख्ख्या गावाला ठाऊक होतं. सरकारला तेवढं नव्हतं. आधार कार्डाचं शिबिर आलं ते नेमकं पुतण्याच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, आणि लग्नासाठी काकासाहेबांनी डोक्यामिशांना काळी मेंदी चोपलेली. शिबिरातल्या माणसानं वय विचारलं. "तुम्हीच बघा अन् लिहा," काकासाहेब म्हणाले. त्यानं बघून सहा वर्षं कमी लिहिली. काकासाहेब खूश. मागं धाकटा भाऊ भानुदास होता, नवरदेवाचा बाप. लग्नाच्या धावपळीत त्याची आठवड्याची पांढरी दाढी वाढलेली. त्याला दोन वर्षं वाढवून मिळाली.

पुढं पंच्याहत्तरी गाठलेल्यांना एसटी फुकट झाली. भानुदास फुकट जाऊ लागला, काकासाहेबांना अर्धं तिकीट. पैशाचं काही नव्हतं. पण पारावर लोक विचारायला लागले, "काय काकासाहेब, थोरले बंधू नाय आले?" तीन वर्षांनी मोठा असलेल्या माणसानं हे किती दिवस ऐकावं?

शेवटी दोघं भाऊ कार्ड दुरुस्त करायला औरंगपुऱ्यातल्या केंद्रात गेले. तिथल्या सायलीनं विचारलं, "आजोबा, जन्माचा पुरावा?"

"निझाम गेला का नाय? त्याच साली झालो. हाच पुरावा."

"तो अपलोड होत नाही, आजोबा."

"अवो, मी साक्ष देतो," भानुदास म्हणाला. "लहानपणापासून बघतोय याला."

सायलीनं दोन्ही कार्डं पाहिली. "बरोबर. हे जन्मले तेव्हा तुम्ही पाच वर्षांचे होता."

कागद मिळेल तेव्हा या, असं ठरलं. परतीच्या एसटीत ज्येष्ठांच्या बाकावर एकच जागा होती. काकासाहेब बसले. कंडक्टर रूपाबाईंनी कार्डं पाहून जागच्या जागी न्याय केला, "बाबा, तुम्ही उठा. या मोठ्या आजोबांना बसू द्या."

भरल्या गाडीत काकासाहेब उठले. भानुदास मात्र बसेना.

"दादा उभा अन् मी बसू? आई वरून चप्पल मारंल."

"दादा कोण?" रूपाबाईंनी कार्डं उलटीसुलटी केली.

"हा काय! लई मोठा हाय माझ्यापेक्षा."

काकासाहेबांनी घसा खाकरला. "भान्या, गुडघे दुखत्यात ना तुझे? बस खाली. थोरला सांगतोय."

भानुदास मुकाट्यानं बसला. दौलताबादचा घाट लागला तरी काकासाहेब दांडी धरून ताठ उभे होते, आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला सांगत होते, "धाकटा हाय माझा. जरा गुडघ्यानं अधू."